सोमवारी एक दिवस मुंबई, सोबत तीन डच पाहुणे आणि वाटाड्या मी. काय काय दाखवू?

तारकर्लीचो_बाबू

नमस्कार मंडळी. मी मालवणजवळचा, घरचं छोटंसं होमस्टे आहे. दादा माझा बोटीवर असतो, त्याचे एक जुने चीफ इंजिनिअर आता रिटायर झालेत, रॉटरडॅमचे, ते बायको आणि मुलीला घेऊन जानेवारीत आपल्याकडे यायचेत. रविवारी रात्री उशिरा विमान मुंबईत उतरणार, फोर्टात हॉटेल बुक आहे, सोमवारचा आख्खा दिवस मुंबई आणि रात्री कोकणकन्येने कुडाळ. तिकिटं कन्फर्म आहेत त्यामुळे ती चिंता नाही. प्रॉब्लेम असा की दादा तेव्हा बोटीवरच असणार आणि त्याने मला न विचारता सांगून टाकलं की माझा भाऊ तुम्हाला मुंबई फिरवेल. आता मला मुंबई किती माहीत, तर लालबागची आत्या, दादरचं मार्केट आणि परीक्षेसाठी एकदा गेलो होतो ते पवईचं सेंटर. गेटवेला लहानपणी शाळेच्या सहलीत गेलोय, त्यातलं फक्त कबुतरं आठवतात.

पाहुण्यांचं सांगायचं तर काका अडुसष्टचे, गुडघा जरा दुखतो पण चालतात म्हणे, काकू शाकाहारी, मुलगी कॉलेजातली, तिला फोटो काढायचेत आणि तिने मेसेज करून विचारलंय की धारावी बघता येईल का. ह्याला काय उत्तर देऊ कळत नाहीये.

मी नेटवर बघून असा प्लॅन केलाय, सकाळी आठला घारापुरी, तिथून येऊन म्युझियम, मग महालक्ष्मीचा धोबीघाट, हाजीअली, सिद्धिविनायक, संध्याकाळी जुहू चौपाटी आणि तिथून थेट सीएसएमटी. होईल का एवढं? लोकलने न्यावं की दिवसभराची गाडी करावी? आणि इंग्लिश माझं कामापुरतं आहे, होमस्टेला गेस्ट येतात तेव्हा निभतं, पण दिवसभर इतिहास सांगायचा म्हणजे जरा टेन्शनच आलंय. जाणकारांनी मदत करा.

बोरीबंदरवाला

पहिली गोष्ट, घारापुरीच्या लेणी सोमवारी बंद असतात. त्यामुळे प्लॅनचा अर्धा दिवस इथेच मोकळा झाला, अभिनंदन. उघडी असती तरी मी नकोच म्हटलं असतं, लाँचने जायला तास, यायला तास, वर शंभरावर पायऱ्या, गुडघेवाल्या काकांना घेऊन दुपार तिथेच झाली असती.

दुसरी गोष्ट, जुहू काढून टाक. संध्याकाळी सहाला जुहूवरून सीएसएमटीला यायला निघणं म्हणजे गाडीत बसून पुढच्या गाडीच्या मागचे लाल दिवे बघणं, आणि रात्री गाडी पकडायची आहे तर हा जुगार कशाला. हाजीअली सिद्धिविनायक पण काढ, दोन्हीकडे रांगा. हॉटेल फोर्टात आहे ना, मग लॉटरी लागलीय तुला. माझं ऑफिस तिथेच आहे म्हणून सांगतो, जगातले लोक जे बघायला मुंबईत येतात त्यातलं निम्मं तुझ्या हॉटेलपासून चालत अंतरावर आहे.

ओव्हल मैदानात मधोमध उभं कर त्यांना. एका बाजूला हायकोर्ट, युनिव्हर्सिटी आणि राजाबाई टॉवर, सगळं एकोणिसाव्या शतकातलं दगडी काम, आणि दुसऱ्या बाजूला १९३० च्या आसपासच्या गोल कोपऱ्यांच्या, बाहेर आलेल्या सज्ज्यांच्या आर्ट डेको बिल्डिंगा. मध्ये पोरं क्रिकेट खेळतायत. ह्या दोन्ही बाजू मिळून २०१८ ला युनेस्कोच्या यादीत गेल्या. टॉवरचा पैसा प्रेमचंद रायचंद नावाच्या कापसाच्या व्यापाऱ्याने दिला, आईचं नाव द्यायच्या अटीवर, आणि तो कापसाचा पैसा आला अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे, तिकडचा कापूस बंद झाला आणि मुंबईचा भाव वाढला. हे सांगितलंस की युरोपातला माणूस लगेच कान टवकारतो कारण त्यात त्याच्याकडचा पण धागा लागतो.

गेटवेची गंमत सांग. पंचम जॉर्ज राजपुत्र असताना १९०५ ला आला तेव्हा त्याच्या हातून म्युझियमची, म्हणजे आताच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची, कोनशिला बसवली, मग राजा होऊन १९११ ला परत आला त्याची आठवण म्हणून गेटवे. पण गेटवेची पायाभरणीच झाली १९१३ ला आणि बांधून पूर्ण झालं १९२४ ला, म्हणजे ज्याच्या स्वागतासाठी कमान तो येऊन जाऊन तेरा वर्षं झाली होती. दोन्ही इमारती एकाच आर्किटेक्टच्या, विटेट. आणि फेब्रुवारी १९४८ मध्ये शेवटची ब्रिटिश पलटण ह्याच कमानीतून बाहेर पडली. एवढं पुरे, ह्याच्यापेक्षा जास्त सनावळ्या कोणी ऐकत नाही.

गिरगावकरीण

@बोरीबंदरवाला सगळं बरोबर आहे हो, पण दिवसभर साहेबांनी बांधलेले दगड दाखवून काय मिळणार आहे, त्या बिचाऱ्यांच्या गावात दगडी चर्चं आणि टाऊनहॉल कमी आहेत का. मुंबईत माणसं पण राहतात!

बाबू, दुपारच्या जेवणाला गिरगावात आण. आता मेट्रो झालीय, ती अ‍ॅक्वा लाइन, चर्चगेटला बसायचं की हुतात्मा चौक, सीएसएमटी, काळबादेवी आणि गिरगाव, बास. लिफ्ट आहे, सरकता जिना आहे, काकांच्या गुडघ्याला त्रास नाही. वर आलात की थेट आमच्यात. काकू शाकाहारी म्हणजे तर प्रश्नच मिटला, थालीपीठ, साबुदाणा वडा, पियूष, पणशीकरांकडे बसा नाहीतर कुठल्याही जुन्या उपाहारगृहात, तिखट कमी सांगितलं की करून देतात. मिसळ मात्र पहिल्याच दिवशी नको, रात्री त्यांना रेल्वेत झोपायचंय.

जेवण झालं की खोताची वाडी. लाकडी जिने, बाहेरून चढणारे, रंगवलेले गज, कौलं, म्हणजे तुला आपल्या कोकणातल्या घराची आठवण येईल पण वेगळंच आहे ते, ईस्ट इंडियन लोकांची, म्हणजे मुंबईतल्या मूळच्या ख्रिश्चनांची वस्ती. फक्त एक सांगते आणि हे त्या मुलीला आधीच सांगून ठेव, तिथे लोक राहतात, खिडकीत कॅमेरा घालून फोटो काढायचे नाहीत, कोणी ओट्यावर बसलं असेल तर विचारायचं. हल्ली इतके लोक येतात की राहणारे वैतागलेत.

केशवजी नाईकांची चाळ पण तिथूनच जवळ, १८९३ पासून सार्वजनिक गणपती आहे तिथला. चाळ म्हणजे काय हे परदेशी माणसाला सांगून कळत नाही, जिन्यात उभं केलं की कळतं. वेळ उरला तर गावदेवीला मणिभवन, गांधीजी १९१७ ते १९३४ मुंबईत आले की तिथेच उतरायचे, परदेशी लोकांना तिथे फार आवडतं, पण वर जायला जिना आहे, काकांना खाली लायब्ररीत बसवून ठेव. आणि चौपाटीवर टिळकांचा पुतळा आहे तिथे सांगायला विसरू नको की हे रत्नागिरीचे, आणि १९२० ला अग्नी इथेच वाळूत दिला. तेवढंच आपलं कोकण.

बोरीबंदरवाला

@गिरगावकरीण दगड म्हणू नका हो, पोटावर पाय येतो :) पण जेवणाला गिरगाव हा मुद्दा मान्य. फोर्टात शाकाहारी बाईला दुपारी इराण्याकडे नेलं तर ब्रून मस्का आणि चहावर भागवावं लागेल. ते सकाळच्या नाश्त्याला चालेल मात्र. धोबीतलावच्या कयानीत बसवा, १९०४ पासूनचं हॉटेल आहे, संगमरवरी टेबलं, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या. मुलीच्या फोटोंचं तिथेच निम्मं काम होईल.

फिरवणारी_ताई

मी परदेशी ग्रुप फिरवण्याचंच काम करते, आधी एका ट्रॅव्हल कंपनीत होते आता स्वतंत्र, म्हणून जरा लांबलचक लिहितेय, वाचून घे.

सगळे जागा सांगतायत पण घड्याळ कोणी बघत नाहीये. नेदरलँड्स हिवाळ्यात आपल्या साडेचार तास मागे असतं. म्हणजे तू सकाळी आठला हॉटेलच्या दारात उभा राहिलास तर त्यांच्या शरीराला पहाटेचे साडेतीन वाजलेत, त्यात आदल्या रात्री उशिरा उतरलेत. उलट रात्री आठला त्यांच्यासाठी दुपारचे साडेतीन असतात, एकदम ताजे. म्हणून युरोपवाल्यांचा पहिला दिवस नेहमी उशिरा सुरू करायचा आणि जड काम संध्याकाळी ठेवायचं. दहाच्या आधी हॉटेलवर जाऊच नकोस. अमेरिकेकडून येणारे पहाटे चारला टक्क जागे असतात, त्यांचं गणित वेगळं, ते इथे लागू नाही.

दहाला निघा, कयानीत चहा घ्या, रमतगमत ओव्हलवरून साडेअकराच्या सुमाराला चर्चगेट स्टेशनबाहेर पोचा. का, तर डबेवाले. लोकलमधून उतरलेले डबे फुटपाथवर मांडून पुढच्या वाटणीला लावतात, तो खेळ थोड्याच वेळाचा असतो. कोविडनंतर त्यांची संख्या बरीच कमी झालीय, ऑफिसंही बदलली, तरी अजून दिसतात. झाकणावरच्या खुणा मुलीला जवळून दाखव पण त्यांच्या वाटेत उभं राहू नका, ते घाईत असतात आणि धक्का देऊन जातात, त्यात त्यांची चूक नसते. रविवारी गेला असतास तर कोणी नसतं, सोमवार त्या बाबतीत बरा.

लोकल दाखवायचीच, न दाखवता पाठवलंस तर नंतर विचारतील. पण दुपारी. बारा ते साडेतीनच्या मध्ये चर्चगेटहून स्लो गाडीला फर्स्ट क्लासने पाच स्टेशनं जा आणि परत या, तेवढं पुरतं. महालक्ष्मीला उतरलात तर पुलावरूनच धोबीघाट दिसतो, खाली उतरायची गरज नाही, दहा-पंधरा मिनिटांत काम होतं. मुलगी आणि काकू हट्टाने लेडीज डब्यात जायचं म्हणतील तर जाऊ देत, तिथल्या बायका सांभाळून घेतात, फक्त कुठल्या स्टेशनला उतरायचं ते तीनदा सांग आणि तू पुढच्या डब्यात रहा. दारात उभं राहून फोटो अजिबात नाही, ह्यावर कडक रहा, पाहुणे असले तरी.

रस्ता ओलांडताना तू गाड्यांच्या बाजूला, ते तुझ्या आडोशाला. तिकडे गाडी थांबते असा त्यांचा समज असतो. त्यांच्याकडे गाड्या उजवीकडून चालतात, त्यामुळे ते सवयीने चुकीच्या बाजूला बघून पाऊल टाकतात. हे मी दर ग्रुपला सांगते आणि दर ग्रुपमध्ये एकजण टाकतोच.

बाथरूम. हे कोणी लिहिणार नाही म्हणून मी लिहिते. काकू स्वतःहून बोलणार नाहीत. दर दीड-दोन तासांनी तूच चांगल्या हॉटेलात किंवा म्युझियममध्ये थांबा घे आणि आपणहून सांग की इथे सोय चांगली आहे. म्युझियमचं तिकीट त्यासाठीसुद्धा वसूल होतं, शिवाय दुपारी आत गारवा, बसायला बाकं. परदेशी लोकांना तिकीट जास्त असतं, तिथे लाजायचं नाही, आधीच सांगून टाकायचं म्हणजे खिडकीवर चेहरे पडत नाहीत.

पैशांचं असं की आपल्याला आता सगळीकडे क्यूआर स्कॅन करायची सवय झालीय, त्यांचं कार्ड रस्त्यावर चालत नाही, आणि विमानतळावरून ते पाचशेच्या नोटा घेऊन येतात ज्या शहाळेवाला घेत नाही. तू दहा-वीस-पन्नासचे सुटे घेऊन जा आणि दिवसभर तूच दे, संध्याकाळी एकदम हिशोब करा. डच माणसं हिशोबाला पक्की असतात, त्यांना ते आवडतं, तूच उगाच नको नको करत बसू नको.

धारावीचं. मुलीने विचारलं म्हणून चिडू नकोस आणि लगेच हो पण म्हणू नकोस. तिथलीच मुलं चालवतात अशा वॉकिंग टूर आहेत, त्यात कुंभारवाडा, चामड्याचं काम, प्लास्टिकचं रिसायकलिंग दाखवतात, म्हणजे लोक काय कमवतात ते दाखवतात, आणि बहुतेक ठिकाणी फोटोला बंदी असते. त्यांच्यासोबत अर्धा दिवस काढून जायचं असेल तर ठीक. पण तू तिथला नाहीस, तुला कोणी ओळखत नाही, तू तीन गोरी माणसं घेऊन गल्लीत शिरलास तर ते बघायला जाणं होतं, भेटायला जाणं नाही. तिला सरळ असंच सांग, समजूतदार असेल तर तिला पटेल. परतीच्या वेळी मुंबईत दिवस असेल तर टूर बुक करून देतो म्हण.

आणि इंग्लिशचं टेन्शन घेऊ नको. त्यांचीही मातृभाषा इंग्लिश नाही, दोघांचं सारखंच, उलट तुझी छोटी वाक्यं त्यांना बरी पडतील. सनावळी ते वाचून येतात. ते तुला विचारणार वेगळंच, इतके हॉर्न का वाजवतात, गाईचा मालक कोण, तुझं लग्न कोण ठरवणार, घरभाडं किती, पगार किती. आपल्या घरातलं काय आहे ते सांगायचं. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणायचं, काही गाईड ठोकून देतात आणि पाहुणा तिथल्या तिथे फोनवर बघतो, मग दिवसभर त्याचा विश्वास बसत नाही.

हो, आणि तू त्यांच्याकडून फिरवण्याचे पैसे घेणार नाहीयेस ना? ओळखीच्या माणसांना फिरवणं वेगळं. धंदा म्हणून करायचं तर गाईडचं सरकारी लायसन्स असतं, स्मारकांच्या आत विचारतात.

आचऱ्याचो_दशावतारी

अरे मेल्या कित्याक घाबरतंस. आत्येक फोन कर, लालबागाक घेवन जा तेंका, घरात जेवक घाल. मुंबयत हाटेलात कसला जेवतलंस. आणि मुंबय मुंबय काय लावलंस, डच माणसाक वेंगुर्ल्याक घेवन जा, तेंच्याच बापजाद्यांची वखार आसा थंय, १६३७ ची, पडली आसा पण भिंती उभ्या आसत. काका रडतलो बग.

परळचो_चाकरमानी

वरचा दशावतारी मस्करीत बोलला पण दोन्ही मुद्दे लाख मोलाचे आहेत. वेंगुर्ल्याच्या वखारीचं खरंच मनावर घे, मुंबईत इंग्रजांचं बस्तान बसण्याच्या आधीची ती आहे, काकांना मुंबईतच सांगून ठेव म्हणजे रात्रभर गाडीत उत्सुकता राहील.

मला सांगायचंय ते काकांबद्दल. माणूस जन्मभर बोटीच्या इंजिनरूममध्ये होता, त्याला आर्ट डेकोचे सज्जे किती वेळ दाखवणार? पाण्यावर ने. घारापुरी बंद असली तरी गेटवेवरून लाँचची हार्बर फेरी असते, अर्ध्या तासाच्या आसपासची, वरच्या डेकवर बसायचं थोडे जास्त पैसे देऊन. नांगरून पडलेली जहाजं, नेव्हीची जहाजं लांबून, मधला तो बेटावरचा छोटा किल्ला मिडल ग्राऊंड, आणि मागे वळून ताज आणि गेटवे, जसं बोटीने आलेल्यांना पहिल्यांदा दिसायचं तसं. चारच्या सुमाराला गेलात तर ऊनही उतरलेलं असतं. चढताना उतरताना लाँच हलते, गुडघ्याचं बघ, हात धर, पण बोटीवरच्या माणसाला ते तुझ्यापेक्षा चांगलं जमेल असं मला वाटतं.

आणि पाण्यावर असताना त्यांना आपलं सांग. रेल्वे नव्हती आणि रस्ता धड नव्हता तेव्हा आमचे आजोबा भाऊच्या धक्क्यावरून आगबोटीने जायचे, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ला, मोठी बोट लांब उभी राहायची आणि खपाटीतून, म्हणजे छोट्या होडीतून, किनाऱ्यावर उतरवायचे, सामानासकट. रामदास बोटीचं सांग, १७ जुलै १९४७, रेवसला जाताना बुडाली, सहाशेहून जास्त माणसं गेली, गटारीला घरी निघालेली. स्वातंत्र्याला महिना राहिला होता म्हणून इतिहासात दोन ओळीसुद्धा येत नाहीत, पण कोकणात अजून घराघरात माहीत आहे. समुद्रावरचा माणूस आहे तो, ह्या गोष्टीला त्याच्याइतका कान कोणी देणार नाही.

लालबाग परळला नेलंस तर चाळींपेक्षा टॉवरच दिसतील आता. गिरण्यांची चिमणी कुठे कुठे उभी आहे, बाजूला मॉल. १९८२ चा संप, अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि बऱ्याचशा गिरण्या पुन्हा धड सुरूच झाल्या नाहीत, आमच्या खोलीतले निम्मे लोक तेव्हाच गावी गेले. गावकऱ्यांची खोली म्हणजे एका गावच्या वीस-पंचवीस बाप्यांनी मिळून भाड्याने घेतलेली एक खोली, पाळ्यांप्रमाणे झोपायचे, खाणावळवालीकडे जेवायचे. रॉटरडॅमसुद्धा गोदीकामगारांचंच शहर, त्यांना हे पटकन लागेल. पण हे सांगायला लालबागला जायलाच हवं असं नाही, सोमवारी त्या ट्रॅफिकात तर नकोच. आत्याला त्याऐवजी सांग स्टेशनवर ये म्हणून, रात्रीचं काहीतरी बांधून आण. आमटी भात नको, घावणे आणि सुकी भाजी. आत्या नाही म्हणणार नाही.

तारकर्लीचो_बाबू

बापरे, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं, खूप खूप आभार सगळ्यांचे. घारापुरी, जुहू, हाजीअली, सिद्धिविनायक सगळं कटाप. आत्ता असं ठरवतोय, दहाला कयानी, ओव्हल, चर्चगेटला डबेवाले, मेट्रोने गिरगाव, जेवण, खोताची वाडी, मग टॅक्सीने म्युझियम जमलं तर, साडेचारला हार्बर फेरी, सूर्यास्ताला मरीन ड्राइव्ह, परत हॉटेल. लोकलची फेरी बसत नाहीये ह्यात, ताई काय करू? आणि दिवसभर बॅगांचं काय, सीएसएमटीच्या क्लोकरूममध्ये टाकू का? मुलीला धारावीचं तुमच्या शब्दांत सांगितलं, तिचा रिप्लाय आला की परतीला टूर बुक कर. काकांना वखारीचं अजून सांगितलेलं नाही.

फिरवणारी_ताई

म्युझियम काढ आणि लोकल घाल, किंवा उलट. दोन्ही घालू नको, कुठेतरी अर्धा तास नुसतं बसायला हवा असतो आणि तो प्लॅनमध्ये कोणीच लिहीत नाही. माझं मत विचारशील तर सकाळी उठल्यावर काकांचा गुडघा बघून ठरव. दुखत असेल तर म्युझियम, नसेल तर चर्नी रोडहून लोकलने महालक्ष्मी करून परत चर्चगेटला, दुपारी दोन-अडीचला गर्दी नसते.

बॅगांसाठी क्लोकरूमची रांग कशाला, चेकआऊट करून हॉटेलच्या रिसेप्शनलाच ठेवा, रात्रीपर्यंत ठेवतात, आदल्या रात्रीच विचारून घे. पासपोर्ट मात्र बॅगेत ठेवू देऊ नको, अंगावर, गाडीतही टीसी बघू शकतो.

बोरीबंदरवाला

मरीन ड्राइव्हला नरिमन पॉइंटकडे, एनसीपीए नाट्यगृहाच्या टोकाला बसा, सूर्य जानेवारीत सव्वासहाच्या पुढेमागे बुडतो, तिथून सीएसएमटीला येणारी डबलडेकर बस मिळते, नवीन एसीवाली. वरच्या मजल्यावर पुढची सीट मिळाली तर गाडीच्या दहापट मजा. स्टेशनवर रात्री लाइटिंग असतं, समोरच्या सेल्फी पॉइंटवरून पूर्ण इमारत फ्रेममध्ये येते. १८८८ ला बांधून झालेलं आणि अजून रोज लाखो लोक त्यातून गाडी पकडतात हे त्यांना सांग, युनेस्कोच्या यादीतली इमारत म्हणून तिकीट काढून बघायची नाही, आपली गाडीच तिथून सुटते. समोर महापालिकेची इमारत, आर्किटेक्ट तोच, स्टीव्हन्स. बॅगा घेऊन यायचं तेव्हा मात्र टॅक्सी पी. डिमेलो रोडच्या बाजूने लाव, अठरा नंबर प्लॅटफॉर्मकडून. लांब पल्ल्याच्या गाड्या त्या अंगाला लागतात, पुढच्या हॉलमधून बॅगा ओढत लोकलच्या गर्दीत जायला नको.

गिरगावकरीण

खोताच्या वाडीत जाल तेव्हा मला मेसेज कर रे, घरी असेन तर चहाला या सगळे. जिना आहे पण, आधीच सांगते.

परळचो_चाकरमानी

इंजिनिअर आहेत तर एक राहिलंच. कोकण रेल्वे रात्री झोपेत जाणार, काही दिसणार नाही, करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा पण अंधारात अंधार. परतीचं तिकीट जमलं तर दिवसाच्या गाडीचं काढ, रत्नागिरीजवळचा पानवल नदीवरचा पूल दिसला पाहिजे त्यांना, अशी आख्खी कोकण रेल्वे आपले लोक १९९८ ला पूर्ण करून मोकळे झाले.

फिरवणारी_ताई

आणि बाबू, होमस्टेवाला आहेस तर माहीत असेल तरी विचारते. परदेशी पाहुणा मुक्कामाला आला की २४ तासांच्या आत त्याची माहिती ऑनलाइन भरावी लागते, सगळे ज्याला सी फॉर्म म्हणतात ते. दादाचे मित्र आहेत, पैसे घेत नाही, म्हणून सूट नाही. रजिस्ट्रेशन आहे ना तुझं?

तारकर्लीचो_बाबू

रजिस्ट्रेशन आहे ताई, गेल्या वर्षी केलं, पण आजवर भारतीयच गेस्ट आले त्यामुळे भरला कधी नाही. आज लॉगिन करून बघतो. @गिरगावकरीण नक्की येतो, तुमच्यासाठी काय आणू मालवणहून, खाजा की कोकम?

गिरगावकरीण

कोकम. आणि सुकी सोलं हवीत, सिरप नको.